दोन ताळेबंद शेजारी ठेवण्यापूर्वी



वार्षिक सभा जवळ आली की गावोगाव एकच चर्चा सुरू होते. शेजारच्या कारखान्याला एवढा नफा, मग आपल्याला का नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु दोन्ही नफे एकाच मापाने मोजलेले आहेत काय, हे आधी बघावे लागते. आम्ही शेतकी खात्यातले असूनही आज हिशेबावर लिहितो आहोत ते एवढ्यासाठीच.

उसाची पक्वता पाहताना एकाने बुडख्याच्या कांड्यातला रस घेतला आणि दुसऱ्याने शेंड्याकडचा, तर एकाच फडातले ब्रिक्सचे आकडे वेगळे येतात. यात कुणी खोटे बोलत नाही, पद्धत वेगळी असते. हिशेबाचेही तसेच आहे. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले, साखरेचा साठा. समजा, 31 मार्चला दोन कारखान्यांच्या गोदामात प्रत्येकी 1 लाख क्विंटल साखर आहे. उत्पादन खर्च क्विंटलला 3,500 रुपये, बाजारभाव 3,600. एकाने साठा खर्चाने धरला, दुसऱ्याने बाजारभावाने. झाला 1 कोटीचा फरक, तोही पोते विकण्याआधीच! सनदी लेखापालांच्या संस्थेचे 1981 सालचे लेखामानक 2 येथे स्पष्ट आहे: खर्च किंवा विक्रीतून निव्वळ मिळणारी रक्कम, यांपैकी जी कमी ती धरावी. दुसऱ्याचा आकडा दुरुस्त करायला लावणे हे लेखापरीक्षकाचे काम.

दुसरे, घसारा. 20 कोटींच्या यंत्रसामग्रीवर 20 वर्षांत समान हप्त्याने घसारा काढला तर वर्षाला 1 कोटी पडतो. घटत्या शिलकीवर 15 टक्क्यांनी काढला तर पहिल्याच वर्षी 3 कोटी. दोन्ही पद्धती मान्य आहेत. म्हणून कोणती वापरली ते टिपेत लिहिलेले असावे आणि ती दरवर्षी तीच राहावी, हे लेखापरीक्षक तपासतो.

तिसरे, अडकलेली येणी. तोडणी-वाहतुकीसाठी दिलेली उचल फिटली नाही, तर किती रक्कम बुडीत धरायची? येथे नेमका आकडा सांगणारा नियम नाही, अंदाज करावा लागतो. एक लेखापरीक्षक पूर्ण रकमेची तरतूद मागतो, दुसरा अर्ध्यावर भागवतो. नफ्याच्या आकड्यात लेखापरीक्षकाचा हात दिसतो तो असा.

हा नुसता तर्क नाही. फ्रान्सिस, पिनक आणि वातानाबे या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कंपन्यांचे हिशेब तपासून 2014 मध्ये निष्कर्ष मांडला. एकाच धंद्यातल्या, एकाच वर्षीच्या दोन कंपन्यांचे लेखापरीक्षण चार बड्या फर्मपैकी एकाच फर्मने केले असेल, तर त्यांचे नफ्याचे आकडे एकमेकांशी अधिक जुळतात. दोन वेगवेगळ्या बड्या फर्म असतील तर तितके जुळत नाहीत. कारण प्रत्येक फर्मची नियम लावण्याची आणि तपासणीची स्वतःची रीत असते. आपला सहकार वेगळा आहे, तरी धडा घेण्यासारखा आहे. मात्र एक ध्यानात ठेवा: आकडे जुळले म्हणजे ते बरोबरच, असे नाही. एकच चूक दोन्हीकडे होऊ शकते.

मग सभासदाने काय करावे? अहवाल हाती आला की शेवटचा नफ्याचा आकडा पाहून मिटू नका.

1. साठ्याचे मूल्य कोणत्या आधारे धरले ते पाहा.
2. घसाऱ्याची पद्धत गेल्या वर्षीचीच आहे काय? बदलली असल्यास नफ्यावर किती परिणाम झाला?
3. जुन्या येण्यांसाठी तरतूद किती?
4. लेखापरीक्षक बदलले काय? बदलले असल्यास आपल्याच दोन वर्षांची तुलनाही जपून करा.
5. लेखापरीक्षकांचे शेरे वाचा आणि दोष दुरुस्ती अहवालात त्यांचे काय झाले ते विचारा.

2013 च्या कायदा दुरुस्तीनंतर शासनमान्य नामतालिकेतून लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार वार्षिक सभेला, म्हणजे आपल्यालाच आहे. तो विषय "मंजूर, मंजूर" म्हणत अर्ध्या मिनिटात उरकला जाऊ नये. त्याच वर्षीच्या ऊस दर कायद्याने उसाचा दर कारखान्याच्या विक्री उत्पन्नाशी जोडला आहे. तेव्हा हिशेब नीट तपासला जाणे, ही आपल्या टनामागच्या पैशाची राखण आहे. वजनकाट्याकडे जसे डोळ्यांत तेल घालून बघता, तसेच ताळेबंदाकडेही बघा, एवढीच विनंती.