ख्रिस्ती कॉलेजात मानसशास्त्र कसं शिकवतात?

प्रश्न : मुलगी बारावी झाली. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये मानसशास्त्र घेऊन बी.ए. करायचं म्हणते. पाद्र्यांच्या कॉलेजात हा विषय बायबलच्या अंगाने शिकवतात का? प्रार्थना सक्तीची असते का?
– एक पालक, पेठ वडगाव

उत्तर : कॉलेज कोणाचं आणि अभ्यासक्रम कोणाचा, हे दोन प्रश्न आधी वेगळे करू. झेवियर्स १८६९ मध्ये जर्मन जेझुइट पाद्र्यांनी काढलं. शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना दिला आहे. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची मिळते. २०१० पासून हे कॉलेज स्वायत्त आहे, म्हणून अभ्यासक्रम तिथलं अभ्यास मंडळ ठरवतं. पण त्यावर बाहेरचे तज्ज्ञही असतात.

सक्तीची भीती नको. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, असं कलम २८(३) सांगतं. विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर संमती पालकांची लागते. काही जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात, पण इतरांनाही प्रवेश मिळतो.

आता विषय. मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखण्याची विद्या, हा समज घट्ट आहे आणि चुकीचा आहे. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून या शास्त्राचा भर मोजमापावर आहे. प्रात्यक्षिकातला एक जुना प्रयोग पाहा. हात पडद्याआड ठेवायचा आणि फक्त आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची. पहिल्या खेपेला पेन्सिल भलतीकडेच जाते. सरावाने चुका कमी होतात. मग दुसऱ्या हाताने गिरवायला सांगतात, तर सराव न केलेला तो हातही सुधारलेला निघतो! म्हणजे शिकणं एकट्या हाताचं नव्हतं. चुका आणि वेळ यांची नोंद करायची, सरासरी काढायची, आलेख मांडायचा. त्यामुळे मुलीला संख्याशास्त्राचा कंटाळा नाही ना, हे जरूर विचारा. शिकवणं इंग्रजीतून असतं, त्याचीही तयारी हवी.

बी.ए. झाली की लगेच रुग्ण तपासता येतील, असंही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर एम.ए.नंतरही मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. औषधं लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ मुळात एम.बी.बी.एस. डॉक्टर असतो, त्यासाठी बारावी विज्ञान शाखेतून व्हावी लागते.