घराचे काम काढल्यावर निजण्याची सोय : बंद बिछान्याच्या निवडीविषयी

घराचे काम काढले आणि मुक्कामही त्याच घरात असला, म्हणजे दिवसाच्या गैरसोयीपेक्षा रात्रीच्या झोपेचा प्रश्न अधिक बिकट होतो, आणि त्यावर उपाय म्हणून अलीकडे बंद बिछाना सर्रास सुचवला जातो. या एका नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात : पोलादी तारेच्या कड्यांवर ताणलेली, पिशवीतून काढताच आपोआप उघडणारी घडीची मच्छरदाणी, चार दांडे लावून वर जाळी चढवलेला घडीचा पलंग, आणि दाट विणीच्या पॉलिएस्टर कापडाचा, खोलीच्या आत उभारायचा तंबू. तिन्हींना चेन असते आणि तिन्ही चारही बाजूंनी बंद दिसतात, त्यामुळे विकणारा तिन्हींची भलामण सारखीच करतो. डास, धूळ, रंगाचा वास आणि उजेड यांपैकी नेमके काय बाहेर ठेवायचे आहे, हे ठरवल्यावाचून यांतली कोणतीही वस्तू घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. कारण ही चारही संकटे एकाच वेळी अडवील असा बिछाना या बाजारात नाही.

याचे कारण मोजमापात आहे. चांगल्या मच्छरदाणीच्या जाळीला एका चौरस इंचात १५६ छिद्रे असावीत असे रूढ मान आहे, म्हणजे प्रत्येक छिद्र साधारण सव्वा मिलिमीटर रुंद असते, आणि डासाला अडवायला तेवढे पुरते. लाद्या कापताना, ओट्याच्या ग्रॅनाइटला कटर लावताना किंवा भिंतीवरच्या पुट्टीला पॉलिश पेपर मारताना उडणाऱ्या धुळीतला जो भाग फुप्फुसासाठी घातक मानला जातो, त्याचे कण दहा मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हा जाळीचे छिद्र या कणापेक्षा शंभरपटीहून अधिक मोठे ठरते. ग्रॅनाइट आणि फरशीच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते, आणि ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने कारागिरांना सिलिकोसिस, म्हणजे फुप्फुसाच्या ऊतीला कायमचे व्रण पडण्याचा विकार, जडतो. घरात राहणाऱ्यांचा संबंध थोडक्या काळाचा असल्याने त्यांचा धोका कारागिरांच्या मानाने पुष्कळ कमी असतो हे खरे. परंतु दमेकरी, वृद्ध आणि लहान मुले यांना त्या थोडक्या काळातही खोकल्याने हैराण व्हावे लागते. शिवाय एक-दोन मायक्रोमीटरचा कण स्थिर हवेतही छतापासून जमिनीवर यायला कित्येक तास घेतो, त्यामुळे कामगार संध्याकाळी निघून गेले तरी त्यांनी उडवलेली धूळ मध्यरात्रीपर्यंत घरातच तरंगत असते, आणि पंखा लावला की खाली बसलेलीही पुन्हा वर येते.

ठाण्यातील टेंभी नाक्यावरील एका जुन्या इमारतीत प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला जो अनुभव आला, त्याचे मूळ याच मोजमापात होते. पहिल्या प्रकारची, म्हणजे घडीची मच्छरदाणी घेण्यापूर्वी विचारपूस करण्यात कुटुंबाने कसूर केली नव्हती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. घरात काम चालू आहे, धूळ आहे आणि आत वयस्कर बाई, म्हणजे घरातल्या आजी, झोपणार आहे, हे तिन्ही मुद्दे दुकानात स्पष्ट शब्दांत सांगितले गेले, आणि त्यावर जाळी बोटांनी चिमटीत धरून दाखवत "एकदा चेन लावली की धुळीचा कणही आत येत नाही, निर्धास्त न्या" असे उत्तर मिळाले. कंत्राटदाराने दिलेला शब्दही असाच होता : काम नवरात्राच्या आत उरकेल. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या टेंभी नाक्याच्या देवीच्या उत्सवात मंडपामुळे नाक्यावरची वाहतूक दरवर्षी वळवली जाते, मालाचा टेम्पो दारापर्यंत येणे दुरापास्त होते, आणि ठाण्यात वर्षानुवर्षे कामे घेणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असे मानता येत नाही. तरीही काम रखडल्यावर त्याने देवीच्या गर्दीकडे बोट दाखवले, आणि रेती-सिमेंटच्या गोण्या कुटुंबाच्या झोपण्याच्या खोलीबाहेर, अर्ध्या उघड्या अवस्थेत, तशाच पडून राहिल्या.

बंद बिछान्याचे खरे रूप अशाच एका रात्री उशिरा उघडे पडले. लघुशंकेला उठलेल्या आजींनी आतून चेन ओढली, ती वीतभर सरकली आणि अडकली. "अरे बाळा, हे उघडत नाही रे" ही त्यांची हाक दोनदा आल्यावर घरातली माणसे जागी झाली. मोबाइलच्या विजेरीच्या झोतात जे दिसले ते असे : नायलॉनच्या चेनच्या दातांमध्ये पुट्टीची पांढरी पूड दमटपणाने लगद्यासारखी चिकटून बसली होती, आतल्या उशीच्या अभ्र्यावर बोट फिरवले की रेघ उमटत होती, आणि झोतात असंख्य कण जाळीच्या आत-बाहेर सारख्याच सहजतेने फिरत होते. शेवटी बाहेरून जाळी कात्रीने कापून आजींना काढावे लागले. धूळ आत येते एवढ्यावरच हे थांबत नाही. ज्या धुळीपासून वाचण्यासाठी बिछाना बंद करायचा, तीच धूळ त्याचे एकमेव दार निकामी करते, ही गोष्ट त्या रात्री लक्षात आली. वृद्ध माणसाच्या बाबतीत हा दोष गैरसोयीत मोडत नाही, धोक्यात मोडतो. आग लागली असती किंवा छातीत कळ आली असती तर काय, हा प्रश्न त्या कुटुंबाच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

दुकानदाराची वागणूक त्याहून जिव्हारी लागणारी होती. कापलेली जाळी आणि पांढरी झालेली चेन त्याच्यासमोर ठेवल्यावर त्याने त्यांना हातही लावला नाही, "मच्छरदाणीने धूळ अडते असं कोण म्हणतं?" असा उलट प्रश्न त्याने केला, आणि गल्ल्यामागची "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दाखवली. तेवढ्यावर न थांबता त्याने तिसऱ्या प्रकारची वस्तू, म्हणजे कापडी तंबू, वाढीव किमतीत पुढे केला आणि धुळीसाठी खरे तर हाच घ्यायला हवा होता असेही सांगितले. पहिल्याच दिवशी सांगता येण्याजोगी गोष्ट त्याने दुसऱ्या विक्रीसाठी राखून ठेवली होती, असाच याचा अर्थ होतो.

त्या कापडी तंबूविषयीही स्पष्ट लिहिणे भाग आहे. खोलीत उभारायचे असे तंबू दक्षिण कोरियासारख्या देशात हिवाळ्यात अंगाची ऊब कोंडून ठेवण्यासाठी आणि घर तापवण्याचा खर्च वाचवण्यासाठी वापरले जातात. ज्या वस्तूचा गुण ऊब धरून ठेवणे हा आहे, ती ठाण्याच्या दमट आश्विनात वापरणे म्हणजे घामाने भिजून रात्र काढणे होय. आणि कापडातून वारा येतो म्हणून कोणी वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळत असेल, तर त्याने पुढील हिशेब ध्यानात घ्यावा. झोपलेले प्रौढ माणूस तासाला साधारण १० ते १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. दोन मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच जागेत जेमतेम ५,४०० लिटर हवा मावते. ही जागा पूर्णपणे हवाबंद झाली, तर दोन माणसांच्या श्वासाने तासाभरातच आतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दहापटीहून अधिक होते आणि पुढे वाढतच जाते. लहान मुलांच्या बाबतीत तर प्लास्टिकचा विचारही करू नये. रंगाचा आणि नव्या प्लायवुडचा वास हा वायुरूप असल्याने तो जाळी, कापड यांपैकी कशानेच अडत नाही. त्याला खिडकी उघडणे एवढाच उपाय आहे.

तेव्हा घडीची मच्छरदाणी घ्यावी ती डासांसाठी, आणि तेवढ्यासाठी ती उत्तम आहे. काम चालू असताना पाण्याची पिंपे भरलेली असतात, खिडक्यांची तावदाने काढलेली असतात, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावत असल्याने दुपारी झोपणाऱ्या बाळाला व आजाऱ्यालाही तिची गरज असते. तळ असलेली मच्छरदाणी जमिनीवरच्या गादीसाठी योग्य, कारण खालून झुरळे-मुंग्या येत नाहीत. पण वृद्धांसाठी बिनतळाची, गादीखाली खोचायची आणि हाताने उचलून बाहेर पडता येईल अशीच घ्यावी. चेन दोन बाजूंना असावी, तिला आतून आणि बाहेरून दोन्हीकडे ओढणी असावी, आणि दुकानातच एका हाताने, डोळे मिटून, आत बसून ती उघडून पाहावी; विकणाऱ्याला ते आवडत नाही, तरी पाहावी. रोज सकाळी दात घासायच्या कोरड्या ब्रशने चेन झाडावी आणि तिच्यावर मेणबत्ती घासावी; तेल लावू नये, कारण तेलावर पूड अधिकच बसते. तारेच्या कड्यांची मच्छरदाणी उघडताना उसळी मारून तोंडावर येते आणि तिची घडी घालायला पीळ द्यावा लागतो, तेव्हा हे काम घरातल्या धडधाकट माणसानेच करावे. मच्छरदाणीजवळ कासवछाप उदबत्ती लावू नये, पॉलिएस्टर झपाट्याने पेटते.

धुळीचा बंदोबस्त मात्र बिछान्याच्या दाराशी न करता ती उडते तेथेच करावा लागतो, आणि कंत्राटदार हे आपणहून करत नाहीत. लाद्या आणि ग्रॅनाइट पाणी सोडून कापायचे, शक्यतो गच्चीवर किंवा जिन्याखाली कापायचे, झोपण्याच्या खोलीच्या चौकटीला बाहेरून जाड प्लास्टिकचा पडदा चिकटपट्टीने लावून खाली ओले गोणपाट ठेवायचे, संध्याकाळी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचे, आणि डेब्रिज त्याच दिवशी खाली न्यायचे, या अटी काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्याव्यात. जुन्या इमारतीत भिंतीचा तैलरंग खरवडायचा असेल तर त्या दिवशी मुलांना नातेवाइकांकडेच पाठवावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले आणि २०१७ पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीच्या रंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता राहते, आणि शिशाची भुकटी मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते.

राहता राहिली ती गल्ल्यामागची पाटी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांच्या आत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. म्हणून पाटी पाहून मागे फिरू नये. विकणाऱ्याने धुळीविषयी, अग्निविषयी किंवा वजनाविषयी जे तोंडी सांगितले असेल ते बिलावर त्याच्याच हाताने लिहून घ्यावे, आणि तो लिहायला तयार नसेल तर तेथूनच दुसऱ्या दुकानाकडे वळावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यापुढे ठाण्यातच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कापलेली जाळी, चेनचे छायाचित्र आणि बिल ही तिन्ही जपून ठेवावीत, कारण तेथे या तीन गोष्टींवाचून बोलण्याला वजन येत नाही.