अडीच तिकिटांची सहल

आम्ही पातूरचे. अकोल्याहून वाशीमकडे निघालं की तीस-पस्तीस किलोमीटरवर, अजिंठ्याच्या डोंगररांगा सुरू होतात तिथलं हे गाव. मॉल नाही, वॉटरपार्क नाही. तरी दोन लेकरांना घेऊन आम्ही इथे पुष्कळ हिंडलो, हात आखडता असतानाही हिंडलो. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते.

१. आधी ऋतू पाहायचा, मग ठिकाण.
शाळेला सुटी मे महिन्यात लागते आणि नेमकं तेव्हाच अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. सुटी आहे म्हणून त्या उन्हात लेकरं बाहेर काढायची नाहीत. मे महिन्यात निघायचंच असेल तर सकाळी सहाला निघून साडेआठला घरात. वऱ्हाडातला हिंडण्याचा खरा काळ श्रावण ते महाशिवरात्र. त्या महिन्यांतले रविवार लग्नं, बाजार आणि टीव्हीत गेले की वर्ष गेलं. म्हणून श्रावण लागला की आम्ही दिनदर्शिकेवर रविवारांना गोल करून ठेवतो, आणि त्या दिवशी दुसरं काम घेत नाही.

२. नव्या दहा जागांपेक्षा एकच जागा वर्षभर.
हा माझा सगळ्यात पक्का अनुभव. पातूरची लेणी गावालगत डोंगरात आहेत, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. अजिंठ्यासारखी चित्रं इथे नाहीत. खांब, पडवी, आतल्या खोल्या, एवढंच. पहिल्या वेळी लेकरं पळापळी करतात आणि "झालं?" म्हणून विचारतात. तेव्हा रागवायचं नाही, पुन्हा न्यायचं. श्रावणात कातळावरून पाणी निथळत असतं, फटीफटींत हिरवं शेवाळ. दिवाळीच्या सुमारास डोंगरात सीताफळं डोळे उघडतात. माघात साग उघडा पडतो, पानांचा चुरा पायाखाली वाजतो. फाल्गुनात पळस पेटला की ओंजळभर फुलं घरी येतात आणि रंगपंचमीच्या रंगासाठी पातेल्यात उकळतात. अशा खेपा होत गेल्या तशी लेकरं स्वतः विचारू लागली: हे खांब आणले कुठून? कुठूनच नाही, डोंगर कोरत गेले आणि खांबापुरता दगड तसाच ठेवला. हे कळायला एक भेट पुरत नाही. आपली अशी एक जागा असणं ही लेकरांची मिळकत आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

३. शिदोरीत कंजुषी नको.
बाहेरचं खाणं टाळलं की अर्धा खर्च वाचतो. पण कोरडी पोळी-भाजी गुंडाळून नेली तर लेकरांचं लक्ष रस्त्यावरच्या आलुबोंड्याकडेच जाणार. आपल्याकडे रोडगे आहेत! कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकात एक भरायच्या, गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हा स्वयंपाकच बाहेरचा. नवसाच्या पंगतीला तो होतोच, पण नवस नसतानाही दोन-तीन घरं मिळून करता येतो. पोरांना गोवऱ्या रचायला द्या, राख झटकायला द्या. तासन्तास कुणी मोबाइल मागत नाही. आर मात्र शेतातल्या मोकळ्या जागेत करायचा, जंगलात किंवा लेण्यांजवळ कधीच नाही. आणि निघताना पाणी टाकून पूर्ण विझवायचा.

४. एस्टीचा हिशेब पाठ ठेवावा.
पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांना अर्धं. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत. म्हणजे आई, बाप आणि शाळकरी दोघं मिळून अडीच तिकिटं, वर आजी फुकट. आजीला न्यावंच. कोणत्या झाडाचा डिंक खातात आणि कोणत्या पाल्याने खाज सुटते हे आमच्या घरात फक्त तिलाच ठाऊक आहे. आधार कार्ड तेवढं सोबत ठेवा.

५. पुस्तकातलं माणूस जवळ कुठे भेटतं ते शोधा.
चौथीच्या पुस्तकात मिर्झाराजा जयसिंह आणि १६६५ चा पुरंदरचा तह आहे. लेकरं तो धडा पाठ करतात, आणि त्याच मिर्झाराजांच्या नावाची छत्री आपल्या बाळापुरात उभी आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. शेजारीच मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने बांधायला घेतला, एलिचपूरच्या इस्माईलखानाने १७५७ मध्ये पूर्ण केला. लेकाला छत्रीत बसवून तोच धडा वाचायला लावला, तेव्हापासून इतिहास त्याच्या आवडीचा विषय आहे.

६. पाणी आणि मधमाशी, या दोन गोष्टींत लाड नाही.
मोर्णा किंवा निर्गुणा धरणावर गेलं तर काठावरून पाहायचं. आत उतरायचं नाही. गाळात पाय रुतला की पोहणाराही अडकतो. जुन्या कपारीत आग्या मोहोळ असू शकतं, तिथे धूर नाही, दगड नाही, अंगावर अत्तर नाही. गवतात काठी आपटत चालावं. हे नियम घरीच सांगून निघायचं, तिथे गेल्यावर ओरडून उपयोग होत नाही.

७. वर्षातून एकदा पैसे खर्च करावेत.
उरलेल्या वर्षाची बचत इथे लावा. आम्ही पाळी लावतो: एका वर्षी नरनाळा, एका वर्षी लोणार, एका वर्षी काटेपूर्णा अभयारण्य. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा आहे. त्यावरची कोरीव अक्षरं पाहून माझी मुलगी बराच वेळ बोलली नाही. काटेपूर्णेत चौशिंगा आहे, दिसेलच असं नाही, पण हिवाळ्यात जलाशयावर पाखरं दिसतातच.

८. शहरातल्या नातेवाइकांनाही हेच लागू.
माझी बहीण पुण्यात राहते. रविवारी मॉलमध्ये पैसा जातो आणि लेकरं चिडचिडी होऊन परततात, ही तिची तक्रार. मी तिला वेताळ टेकडी धरायला सांगितलं. तीच टेकडी, दर आठवड्याला, मोरांचा आवाज येतो त्या वेळी. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज १२० मिनिटं उघड्यावर घालवावीत अशी मोहीम चालते, कारण बाहेरच्या उजेडाने लहानपणी चश्मा लागण्याचं प्रमाण कमी होतं. बहिणीला हे कारण जास्त पटलं. मला टेकडीच पुरेशी वाटते.

९. वावर सगळ्यांना नसतं.
वऱ्हाडातली सगळ्यात सुंदर सहल म्हणजे हुरडा. थंडीत धुऱ्याजवळ पेटवलेला आर, त्यात भाजलेली जवारीची कणसं, चटणी, गूळ. पण सोयाबीन आणि कपाशीने जवारी मागे सारली, त्यामुळे हुरडा आता मोजक्या वावरांत उरला आहे. आणि मजुरांच्या, भाड्याने राहणाऱ्यांच्या, नोकरीसाठी गावात आलेल्यांच्या लेकरांना तर बोलावणारंच कुणी नसतं. त्यांच्यासाठी शहरांजवळ विकतचा हुरडा निघाला आहे, माणशी पैसे मोजून. चार लेकरांच्या घराला तो परवडत नाही. ज्यांच्याकडे वावर आहे त्यांनी एक पट्टा तरी जवारीचा पेरावा, आणि पौषात हुरडा भाजाल तेव्हा शेजारच्या एका बिनशेतीच्या घरातली लेकरं सोबत न्यावीत.