कातकरी वाडीतलं मूल गप्प झालं तर

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत पुष्कळ ठिकाणी आपली वस्ती गावाच्या कडेला असते, आणि कातकरी वाडी त्याच्याही पलीकडे, ओढ्याच्या किंवा रानाच्या अंगाला. मुलं मात्र एकाच शाळेत बसतात. म्हणून मुलांच्या मनाच्या दुखण्याचा हा पाठ आम्ही त्या वाडीपासून सुरू करतो आहोत. यातलं बरंचसं आपल्या घरालाही लागू आहे.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावर सरकारी बंधनं आली तसा हा धंदा बसला. वर इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली त्यांच्यावर शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का बोलण्यात राहिला. वर्गात पेन्सिल हरवली की नजर आधी कातकऱ्याच्या पोरावर जाते. जातीवरून असं टोचून घेणं काय असतं, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. मग आपली मुलं त्या पोराला काय म्हणून हाक मारतात, हे एकदा कान देऊन ऐका.

दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मूल बरोबर गेलं तर शाळा तुटते. आजीजवळ किंवा आश्रमशाळेत राहिलं तर आईबाप तुटतात.

लहान मूल ‘मला ताण आला’ असं म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं, तेही शाळेच्या वेळेला. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. झोपेत दचकतं, खेळात जात नाही, नाहीतर एकदम मारकुटं होतं. घरात कातकरी बोली आणि वर्गात पुस्तकी मराठी, त्यामुळे कितीतरी मुलं नुसती गप्प बसतात आणि ‘मठ्ठ’ ठरतात. ते मठ्ठ नसतं. ओढ्यातला मासा, खेकड्याचं बीळ, रानातले कंद यांची त्याची माहिती गुरुजींपेक्षा जास्त असते.

वाडीत अशा वेळी ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि भगताकडे जातात. आपल्याला हे पटत नाही, आणि पटूही नये. पण पहिल्याच भेटीत अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं तर ती आई पुन्हा आपल्याशी बोलणार नाही. आधी विचारा, “मावशे, कधीपासून झालं? त्याच्या आधी घरात काय झालं होतं?” उत्तरात बहुतेकदा भट्टी, मार, दारू, कुणाचा मृत्यू किंवा शाळेतली गोष्ट निघते. मात्र भूत काढायचं म्हणून मुलाला बांधणं, मारणं, चटके देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथे भीड ठेवू नका.

आपली रीत, आपली माणसं मुलाला कशी सावरतात याचा एक नावाजलेला अभ्यास कॅनडातला आहे. तिथे आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं होतं. सरकारने २००८ मध्ये त्याची माफी मागितली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आदिवासी समूहांचा चँडलर आणि लालोंद यांचा अभ्यास १९९८ मध्ये आला. ज्या समूहांच्या हाती स्वतःचा कारभार, शाळा, दवाखाना आणि संस्कृती जपायची जागा होती, जे जमिनीच्या हक्कासाठी झगडत होते, तिथे तरुणांच्या आत्महत्या फार कमी होत्या. या सगळ्या गोष्टी एकत्र असलेल्या समूहांत त्या पाच वर्षांत एकही नव्हती.

आपल्याकडे याचा अर्थ साधा आहे. मूल गप्प असेल तर त्याच्या आजीला सोबत घ्या. तिच्या बोलीत बोलू द्या. शाळेत एखादा तास वाडीतल्या जाणत्या माणसाला द्या. मुलांना रानभाज्या, पाखरं दाखवू दे. आपल्या बापाला गुरुजी नमस्कार करतात, हे बघितलेल्या मुलाची मान वर होते. अंथरूण ओलं केलं म्हणून मारू नका, चारचौघांत बोलू नका. मारल्याने ते वाढतं. झोपायच्या आणि जेवायच्या वेळा शक्य तितक्या सारख्या ठेवा.

एवढ्याने भागत नाही अशाही वेळा असतात. दोन आठवडे उलटूनही फरक नाही, खाणं-झोप तुटली, फिट येते, नसलेले आवाज ऐकू येतात, किंवा ‘मला जगायचं नाही’ असं मूल म्हणालं, तर आशाताईंना घेऊन सरकारी दवाखान्यात जा. फिट हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावर गोळ्या आहेत. जगायचं नाही म्हणणाऱ्या मुलाला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक त्याच दिवशी हलवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. मुलाला कुणी छळत असेल तर १०९८.

आणि भट्टीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वाडीत एक फेरी मारा. बाहेर जाणाऱ्या मुलाचं शिक्षण हमी कार्ड शाळेतून मागून घ्यायला आईबापाला मदत करा, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. मागे राहणाऱ्या मुलासाठी हंगामी वसतिगृहाची चौकशी मुख्याध्यापकांकडे करा, आणि आठवड्यातून एकदा आईबापाशी फोनवर बोलायला तुमचा मोबाइल त्याच्या हातात द्या.