आमच्या जिल्ह्याचे गाव : कोल्हापूर

आमची अक्का बारावी पास झाली. तिला कोल्हापुरात कॉलेजला घालायचे होते. म्हणून जून महिन्यात आप्पा, आई, अक्का आणि मी असे चौघे कोल्हापूरला गेलो. बाईंनी मला रजा दिली, पण म्हणाल्या, "येताना भित्तिपत्रकाला लेख आणायचा." म्हणून मी वही-पेन बरोबर घेतले होते.

निघताना आजी म्हणाली, "लेकीला परगावी ठिवू नगासा. तिथं तिला कोण हाय?" आप्पा म्हणाले, "बघून तरी येतो."

कोल्हापूर पंचगंगा नदीच्या काठी वसले आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, असे म्हणतात. कासारी आमच्या पन्हाळा तालुक्यातून जाते. म्हणजे आपलेच पाणी पुढे कोल्हापूरला जाते. २०२३ सालापासून यष्टीत बायकांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे पुरे तिकीट एकट्या आप्पांचे लागले.

पाहण्यासारखे

रंकाळा स्टँडवर उतरून आम्ही आधी अंबाबाईच्या देवळात गेलो. देऊळ काळ्या दगडाचे आहे. देवीचे तोंड पश्चिमेला आहे. नोव्हेंबर महिन्यात आणि जानेवारीच्या शेवटी मावळत्या सूर्याची किरणे थेट मूर्तीपर्यंत येतात. त्याला किरणोत्सव म्हणतात. जवळच भवानी मंडप आहे. पूर्वी तिथे राजवाडा होता.

पुढे टाऊन हॉलमध्ये वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरी टेकडीवर खणताना सापडलेल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. त्यात ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची छोटी मूर्ती आहे. तिचे नाव पोसायडन. इतक्या लांबून ती आली कशी? जुन्या काळी आपल्याकडच्या लोकांचा रोमशी व्यापार चालत होता, त्यातून आली.

दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. त्यांच्या वेळी खेड्यातली मुले शिकायला शहरात आली तर राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हीच अडचण होती. म्हणून महाराजांनी बोर्डिंगे काढायला मदत केली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे जैन, मुसलमान, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही बोर्डिंगे निघाली. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला. हे ऐकून अक्का म्हणाली, "आजीचाच प्रश्न महाराजांना पडला हुता."

अक्काने आणखी एक गोष्ट सांगितली. गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य म्हणून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. लोक तिथे चहा प्यायला कचरत. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पीत.

शिकण्यासारखे

नंतर केएमटीच्या बसने आम्ही राजाराम कॉलेजला गेलो. हे कॉलेज १८८० साली सुरू झाले. कुस्तीगीर खाशाबा जाधव इथेच शिकले. ते कराडजवळच्या गोळेश्वर गावचे. १९५२ साली त्यांना ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायचे होते, पण पैसे कमी पडत होते. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून पैसे दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतात एकट्याने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. शिवाजी विद्यापीठही आम्ही बाहेरून पाहिले. ते १९६२ साली स्थापन झाले. मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा मोठा पुतळा आहे.

मग मुलींचे एक वसतिगृह पाहिले. एका खोलीत तीन कॉटा होत्या. तिथली एक ताई गगनबावड्याकडची होती. ती मला म्हणाली, "पहिले आठ दिवस रडू येतंय. मग घरी गेल्यावर इथली आठवण येती." रेक्टर बाईंनी फॉर्म दिला आणि सोमवारपर्यंत आणायला सांगितला. त्यावर पालकाची सही पाहिजे होती. आप्पांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

खाण्यासारखे

दुपारी मिसळ खाल्ली. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे काप देतात आणि कट वेगळा देतात. माझ्या नाकातून पाणी आले. मटणाबरोबर तांबडा आणि पांढरा रस्सा असतो. तांबडा मिरचीचा असतो, पांढऱ्यात नारळाचे दूध घालतात. पण ते आम्ही खाल्ले नाही, कारण पैसे मोजूनच नेले होते.

चप्पल लाईनीत आप्पांनी कोल्हापुरी चपलेचा भाव विचारला. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला आहे. भाव ऐकून ते म्हणाले, "राहू दे. पुस्तकं घ्यायची हायत."

खासबागेत भेळ घेतली. तिथले कुस्तीचे मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतले. आखाडा मध्ये खोलगट आहे आणि बसायची जागा भोवताली चढत गेली आहे. त्यामुळे मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसते.

संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली. पाऊस थांबला होता. आप्पा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग मला म्हणाले, "तुझं पेन दे गं." त्यांनी गुडघ्यावर फॉर्म ठेवला आणि सही केली. अक्का काही बोलली नाही. आईने डोळे पुसले.

येताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. तिथे म्हशीचे दूध समोर काढून देतात. मला फेसाच्या मिशा आल्या.

आजी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने अक्काच्या पेटीत गूळ आणि शेंगा भरल्या. आता अक्का वसतिगृहात राहते आणि पंधरा दिवसांनी शनिवारी गावी येते. अजून तरी ती रडलेली नाही, असे ती सांगते.

मुलांनो, तुम्हीही कोल्हापूर बघा. पालकांनी मुलांना देऊळ आणि रंकाळा दाखवावाच, पण कॉलेजही दाखवावे. मुलींनासुद्धा दाखवावे.

सांगा पाहू :
१. पंचगंगा कोणकोणत्या नद्यांची होते?
२. कोल्हापुरात समुद्रदेवाची मूर्ती कशी आली?
३. प्राचार्यांनी घर गहाण का ठेवले?

उत्तरे लेखातच आहेत.

— इयत्ता ४ थी