साथीची वार्ता आणि सरकारी तिजोरी

साथीच्या रोगाशी झुंजताना औषधाइतकेच महत्त्व वेळेवर मिळणाऱ्या वार्तेला असते. रोगी कोठे आहे, त्याच्या सहवासात कोण आले, हे उशिरा कळले तर उत्तम वैद्यही हतबल होतो. विद्यार्थिमित्रांनो, या दृष्टीने जर्मनीचे उदाहरण आपण पाहू.

ज्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला, त्यांच्या नावाची संस्था बर्लिन येथे आहे. देशातील सुमारे ३७५ स्थानिक आरोग्य-कचेऱ्यांकडून सांसर्गिक रोगांची माहिती राज्यांच्या मार्गे तिच्याकडे जाते. परंतु २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा यंत्रविद्येत अग्रेसर गणल्या जाणाऱ्या या देशात कित्येक ठिकाणी ही माहिती फॅक्सने कागदावर येत असे. कचेरीतील माणसांनी ती वाचून पुन्हा संगणकात भरावयाची! यात वेळ जाई आणि चुकीचा संभव वाढे.

म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र व राज्ये यांनी एक करार केला. २०२६ पर्यंत ४०० कोटी युरो खर्चावयाचे ठरले. त्यांपैकी ८० कोटी संगणकीकरणासाठी होते. त्यास युरोपीय संघाच्या निधीचे साहाय्य लाभले. उरलेल्या रकमेचा मोठा भाग माणसांसाठी होता. २०२२ अखेरपर्यंत किमान ५,००० नव्या जागा भरावयाच्या होत्या. १ जानेवारी २०२१ पासून प्रयोगशाळांनी कोरोनाचे अहवाल 'डेमिस' या संगणकीय व्यवस्थेतूनच धाडावेत, असे बंधनही आले.

केवळ पैसा वाटून हे राज्यकर्ते थांबले नाहीत. कचेऱ्यांच्या प्रगतीसाठी त्यांनी एक मोजपट्टी तयार करविली. धोरण, कर्मचाऱ्यांचे शिक्षण, कामाची पद्धत, यंत्रसामग्री, माहितीची सुरक्षितता, नागरिकांची सोय, परस्पर सहकार्य आणि संगणकप्रणालींचा मेळ अशी तिची आठ अंगे असून प्रत्येकात शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. हे जणू कचेरीचे प्रगतिपुस्तकच होय! आपण कोठे उभे आहोत हे आधी पाहावे, मग पुढची पायरी ठरवावी, असा त्याचा हेतू.

तथापि निधीला मुदत असते, गरजेला नसते. यंत्रे जुनी होतात, माणसांना पुन्हा शिकवावे लागते, आणि पुढची साथ कोणताही करार पाहून येत नाही. म्हणून एकदा दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरवर्षी नियमाने केलेली तरतूदच लोकांच्या आरोग्याचे खरे रक्षण करते, असे आम्हांस वाटते.