मदतीची सायकल

दर्यापूर हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. आसपासच्या खेड्यांतून अनेक मुले-मुली येथे सायकलने शाळेत येतात. पण सायकल केवळ शाळेपुरती नसते.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभर टाळेबंदी झाली. रेल्वे, बस, रिक्षा सारे थांबले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची फार अडचण झाली. रक्तदाबाची गोळी तर रोज लागते. ती संपली, तर आणणार कोण?

तेव्हा बंगळूरमध्ये सत्या शंकरन यांनी सायकलस्वारांना एकत्र केले. 'रिलीफ रायडर्स', म्हणजे मदत करणारे स्वार, हे त्यांचे नाव. आजी-आजोबांनी फोन करायचा. मग त्यांच्या घराजवळच्या स्वाराला निरोप जाई. तो तोंडाला मुखपट्टी बांधून औषध आणि किराणा घरपोच नेऊन देई. पेट्रोलचा खर्च नाही, की आवाज नाही! पुढे इतर शहरांतही ही सेवा सुरू झाली.

त्याच वर्षी केंद्र सरकारने शहरांसाठी एक स्पर्धा ठेवली. रस्त्यावर सायकलसाठी वेगळी वाट आखून पाहायची होती. शंभराहून अधिक शहरांनी भाग घेतला. २०२१ मध्ये निवडलेल्या ११ शहरांत आपल्या विदर्भातील नागपूरही होते. लहान गावांतल्या मुलांना मात्र अजून ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्या कडेनेच सायकल चालवावी लागते.